गोळी जेवून घ्यायची का उपाशी पोटी?

आमची मामी सास्तूरकडच्या एका पुनर्वसित गावात राहते. घर पक्कं आहे, स्लॅबचं, वर पंखा, खिडक्यांना जाळ्या. त्या घरात ती स्वयंपाक करते, टीव्ही बघते, पाहुण्यांना चहा देते. झोपते मात्र अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तीस वर्षं उलटून गेली. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात गळतो, थंडीत फटींतून वारं येतं. रस्त्याने उसाचा भरलेला ट्रक गेला आणि जमीन जराशी थरथरली, की झोपेतच तिचा हात आधी शेजारी चाचपडतो आणि मग ती उठून बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना, भूकंपाने जुन्या गावातलं माळवद खाली आलं तेव्हा तिच्या त्या हाताशी तिचा चार वर्षांचा मुलगा झोपला होता.

आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती, डोक्यावर लाकडी दांड्यांवर हातभर माती. उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधलेली घरं माणसांच्या अंगावर बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं त्या पहाटे गेली. मामी कमरेपर्यंत मातीत होती. मुलाचा आवाज तिला बराच वेळ येत होता. त्यापुढचं ती कधी सांगत नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, पणत्या लावून झाल्यावर, मी तिला सहज म्हटलं की मामी, परदेशात अशा एका गोळीवर काम चाललंय, जुन्या भयंकर आठवणींचा त्रास कमी करणारी. मला वाटलं, ती म्हणेल काहीतरी खोल. आईचं दुःख, देवाची करणी, असलं काहीतरी. तिने वात सारली आणि विचारलं, "का गं माय, ती गोळी जेवून घ्यायची का उपाशी पोटी?"

आठवणी पुसण्याच्या नैतिकतेवर मी बरंच वाचलं आहे. वेदना पुसली तर माणूस 'तो' राहील का, दुःखाशिवाय शहाणपण येतं का, असे मोठमोठे प्रश्न त्यात असतात. मामीचा प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता. त्या बाजेवर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की दुःखाचं मोल सांगणारी बहुतेक माणसं ते दुःख दुसऱ्याच्या खात्यावर धरून बोलत असतात.

गोळीमागचं शास्त्र थोडक्यात असं. आठवण एकदा बनली की कायमची घट्ट झाली, असं बराच काळ मानलं जाई. २००० साली न्यू यॉर्कमध्ये करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लदू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदराला एक सूर ऐकवायचा आणि त्याबरोबर विजेचा झटका द्यायचा. मग पुढे नुसता सूर ऐकला तरी तो जागच्या जागी गोठतो. आता सूर ऐकवून ती भीती जागी केली आणि लगेच, मेंदूतलं भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डालात, नवी प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं. त्यानंतर उंदीर त्या सुराला घाबरेनासे झाले. सूर न ऐकवता औषध दिलं, तर काही फरक नाही. सूर ऐकवून सहा तासांनी दिलं, तरी नाही. म्हणजे आठवण काढली की ती थोडा वेळ सैल होते आणि पुन्हा नव्याने घट्ट व्हावी लागते. गुळाच्या पाकासारखं आहे हे. गार झालेली चिक्की परत कढईत टाकली की ती वितळते, आणि पुन्हा थापेपर्यंत तुम्हाला तीत हात घालता येतो.

उंदरांचं ते औषध माणसाला देण्याजोगं नाही. पण एक जुनी गोळी हाताशी होती: प्रोप्रॅनोलॉल. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी ती शोधली आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये ती चिठ्ठीवर काही रुपयांत मिळते. अर्धशिशीला देतात, हात थरथरतात त्याला देतात. शरीरातल्या अ‍ॅड्रिनॅलिनचा धाक ती कमी करते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या आलँ ब्रुने यांनी ती आठवणींच्या उपचारात आणली. त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आघाताच्या खुणा वर्षानुवर्षं वागवणारे साठ जण, आठवड्यातून एकदा याप्रमाणे सहा बैठका. आधी गोळी घ्यायची, मग काही वेळाने आपल्यावर काय गुदरलं ते स्वतःच लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांचा त्रास, खोटी गोळी मिळालेल्यांपेक्षा जास्त उतरला. १३ नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर ही पद्धत शिकवायला ब्रुने फ्रान्समध्ये गेले.

आता यात दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. एक, हे पुसणं नाही. माणसाला काय घडलं ते आठवतं. विंचू तोच असतो, नांगी बोथट होते. दोन, हे अजून पक्कं झालेलं नाही. काही प्रयोगशाळांना हाच परिणाम मिळाला, काहींना मिळाला नाही. उंदरांच्या मेंदूत मात्र काम फार पुढे गेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुसुमू टोनेगावा यांच्या गटाने प्रकाशाच्या झोताने एकेक आठवण जागी केली, आणि २०१३ मध्ये न घडलेल्या झटक्याची खोटी आठवणसुद्धा उंदराच्या डोक्यात घालून दाखवली. तेव्हा आज जे नांगी बोथट करणं आहे, ते उद्या विंचूच काढणं होणार नाही असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

या सगळ्याला सर्वांत गाजलेला विरोध झाला तो अमेरिकेत, २००३ साली. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या जैवनीती परिषदेचं म्हणणं असं होतं, की भयंकर गोष्ट जितकी भयंकर आहे तितकी ती वाटलीच पाहिजे. गोळी घेऊन ती सौम्य केली तर आपण जगाशी खोटं वागतो. परिषदेचे अध्यक्ष होते लिऑन कास. वाचायला छान आहे हे. पण मामीच्या शेडमध्ये बसून वाचा. तीस वर्षं दर ट्रकागणिक दचकून तिने जगाशी कोणतं सत्य राखलं? मुलगा गेला हे सत्य तिला दिवसाढवळ्याही माहीत आहे. रात्रीचा तो दचका म्हणजे सत्य नव्हे, तो आजार आहे. मधुमेहाने माणूस शहाणा होतो म्हणून आपण इन्सुलिन अडवत नाही.

तरी या विरोधाचं एक रूप असं आहे, की ज्याला मी सहज बाजूला सारू शकत नाही. ते आपल्याच मातीतलं आहे.

१९०१ सालची गोष्ट. मसूरच्या रेल्वे स्टेशनवर नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं वडिलांकडे निघालेली. अंगात चांगले कपडे. वडील न्यायला आलेले नाहीत, निरोप पोचलेला नाही. स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो आणि मुलं महार आहेत कळताच त्याचा चेहरा बदलतो. एकही गाडीवान बसवून घ्यायला तयार नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. रात्रभर प्यायला पाणी नाही. बाबासाहेबांनी पुढे तिशी-चाळिशी ओलांडल्यावर ही आठवण लिहून काढली आणि तिने आपल्या मनावर कायमचा ठसा उमटवला असं नोंदवलं.

गोळीचे विरोधक इथे हमखास विचारतील: त्या पोराला तेव्हा गोळी दिली असती, तर महाडचं तळं कुणी उघडलं असतं? प्रश्न टाळ्या घेणारा आहे. मला तो लबाड वाटतो. कारण त्यात गृहीत असं आहे, की नऊ वर्षांच्या मुलाने रात्रभर तहानलेलं राहणं हे समाजाच्या सुधारणेचं भांडवल. त्या न्यायाने आपण आणखी काही मुलांना पाणी नाकारावं, म्हणजे आणखी काही महापुरुष निपजतील. शिवाय त्या एका मुलाचं नाव आपल्याला माहीत आहे. त्याच रस्त्यांवर तहानलेली राहिलेली बाकीची हजारो मुलं आतल्या आत मोडली, त्यांचं काय केलं त्या वेदनेने?

पण प्रश्न लबाड असला तरी मसूरची आठवण काहीतरी सांगतेच. ती आठवण बाबासाहेबांची होती. ती कुठे ठेवायची, केव्हा काढायची, कुणापुढे मांडायची हे त्यांनी ठरवलं. आणि गेली सव्वाशे वर्षं "आता ते जुनं कशाला उगाळता" असं त्यांच्या लोकांना ऐकवणारे कोण आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. गाडीत न बसवणाऱ्याला विसरायची घाई असते, तहानलेल्या राहिलेल्याला नसते. माझा मुद्दा सगळा इथे आहे. आठवणीचा त्रास घालवणारं औषध चांगलंच, पण विसरण्याचा आग्रह कुठल्या तोंडून येतोय ते आधी पाहिलं पाहिजे.

आपल्याकडे हा आग्रह विज्ञानाची वाट बघत बसलेला नाही. 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे वाक्य किती घरांत, कुणी, कुणाला म्हटलं याची यादी केली तर बहुतेक वेळा म्हणणारा वयाने मोठा आणि ऐकणारी बाई निघेल. काकाने हात लावला, विसर. नवऱ्याने मारलं, विसर. पोटातलं पाडायला लावलं, विसर. लग्न व्हायचंय तुझं, चार लोकांत नाव जाईल. यात त्या मुलीला बरं वाटावं हा हेतू शेवटून पहिला असतो.

लोकल ट्रेनमध्ये दाराशेजारी चिकटवलेले ते हातभर कागद तुम्ही पाहिले असतील. 'बाबा बंगाली. प्रेम में धोखा, सौतन से छुटकारा, २४ घंटे में समाधान.' खाली मोबाइल नंबर. त्या नंबरांवर फक्त प्रेमभंग झालेले फोन करत नाहीत. पोरगी दुसऱ्या जातीच्या मुलाच्या मागे लागली आहे, तिच्या डोक्यातून तेवढं काढून द्या, असं सांगणारे आईबापही करतात. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि बाबाला निदान पोलिसांची भीती बसली. हेच काम उद्या पांढऱ्या कोटातल्या माणसाने, पावती देऊन, सहा बैठकांत करून दिलं तर? गिऱ्हाईक तयार बसलं आहे. भांडवलदार कंपन्या, हुकूमशहा, मेंदूतल्या चिपा यांची भीती घालणारे लेख मी वाचते तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे एवढ्या लांब जावं लागत नाही, दिवाणखान्यातला सोफा पुरतो.

आणि डॉक्टर मंडळींना याचा जुना इतिहास आहे. ब्रुनेंनी ज्या मॅकगिल विद्यापीठात हे काम केलं, त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या अ‍ॅलन मेमोरियल या संस्थेत १९५० च्या दशकाअखेरीस आणि साठच्या दशकात इवेन कॅमेरॉन नावाचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ माणसाचं मन कोरं करायला निघाले होते. किरकोळ नैराश्यासाठी आलेल्या बायकांना आठवडेच्या आठवडे औषधाने झोपवून ठेवायचं, विजेचे झटक्यांवर झटके द्यायचे, उशीखालच्या टेपवर एकच वाक्य हजारो वेळा ऐकवायचं. यामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता. घरी परतलेल्या काहींना स्वतःची मुलं ओळखता येईनात. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने काही पीडितांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. हेच कॅमेरॉन १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला नाझी नेता रुडॉल्फ हेसची मानसिक तपासणी करणाऱ्यांत होते. तिथून ते काही शिकले नाहीत असं दिसतं. एकाच विद्यापीठातले हे दोन तज्ज्ञ, दोघांचं काम आठवणींवर. ब्रुनेंचा रुग्ण स्वतःच्या हाताने आपली गोष्ट लिहितो आणि स्वतःच्या आवाजात वाचतो. कॅमेरॉनच्या रुग्णाला कुणी विचारलंच नव्हतं.

आपला कायदा इथपर्यंत अर्धा आलेला आहे. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संमतीशिवाय नार्को किंवा ब्रेन मॅपिंग करून कुणाच्या डोक्यातलं काढून घेता येणार नाही. त्याआधी दोनच वर्षं पुण्याच्या न्यायालयात एका खून खटल्यात, आरोपीच्या मेंदूत गुन्ह्याची 'अनुभवजन्य' आठवण आहे असं सांगणारी चाचणी पुरावा म्हणून उभी राहिली होती. जगभरच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा कपाळाला हात लावला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता विजेचे झटके देण्यावर बंदी घातली, रुग्णाला आपल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला. मनातलं जबरदस्तीने वाचता येणार नाही, हे ठरलं. मनातलं जबरदस्तीने खोडता येणार नाही, हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत लिहायला हवं, आणि त्यात घरच्यांच्या सहीला काडीची किंमत नसावी.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर साक्षीदाराचं सांगते, कारण माझ्या मते खरी गुंतागुंत तिथे आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर पायात गोळी लागलेली एक मुलगी पुढच्या वर्षी कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि तिने कसाबला बोट दाखवून ओळखलं. वय वर्षं दहा. तो खटला विशेष न्यायालयात वेगाने चालला म्हणून काही महिन्यांत तिची साक्ष झाली. गावातल्या बलात्काराच्या खटल्यात सहा वर्षं, आठ वर्षं लागतात. तोवर त्या मुलीने काय करायचं? शर्टाचा रंग, दाराची कडी आतून होती की बाहेरून, किती वाजले होते, सगळं जसंच्या तसं ताजं ठेवायचं, कारण उलटतपासणीत एक तपशील हलला तर आरोपी सुटतो. म्हणजे व्यवस्थेची दिरंगाई तिला जखमेवर खपली धरू देत नाही. आणि समजा तिने उपचार घेतले, तर आरोपीचा वकील काय म्हणेल ते मी आत्ताच सांगते: "तुम्ही आठवणी बदलण्याची गोळी घेतली होती, खरं की खोटं?" मॅजिस्ट्रेटपुढे जबाब नोंदवायची सोय पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ मध्ये आहे. पण तो जबाब एकटा पुरत नाही, पुन्हा उभं राहून सगळं सांगावंच लागतं. जबाब आणि उलटतपासणी दोन्ही पहिल्या काही आठवड्यांत, कॅमेऱ्यासमोर, एकदाच आणि कायमची नोंदवा. त्यानंतर तिला तिच्या डोक्याचं काय करायचं ते करू द्या. तोवर तिला उपचार घेण्यापासून अडवणं किंवा उपचार घेतले म्हणून खोटं पाडणं, दोन्ही निर्दयपणा आहे.

आणखी एक माणूस मला या सगळ्यात दिसत राहतो, तो मोटरमन. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यातली बरीचशी रूळ ओलांडताना. प्रत्येक वेळी कॅबमध्ये कुणीतरी बसलेलं असतं. ब्रेक लावूनही गाडी लगेच थांबत नाही, आणि शेवटच्या क्षणी रुळावरचा माणूस वर बघतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मोटरमन आहेत. ते म्हणतात, "पहिल्या रनओव्हरनंतर तीन दिवस जेवलो नाही. दहाव्यानंतर डबा खाल्ला. मला पहिल्यापेक्षा दहाव्याची जास्त लाज वाटते."

समजा उद्या रेल्वेने अशा प्रत्येक मोटरमनला गोळी द्यायची ठरवली. माणुसकीचंच काम. पण एक गोळी काही रुपयांची, आणि रुळालगतची भिंत, सरकते जिने, पादचारी पूल यांना कोटी लागतात. गोळीने दुसऱ्या दिवशी माणूस कामावर हजर होत असेल, तर पुलाची फाइल कोण पुढे ढकलेल? सैनिक, शवविच्छेदनगृहातले कर्मचारी, गटारात उतरणारे कामगार, सगळ्यांना हेच लागू. त्रास देणारं काम तसंच ठेवून त्रास होणारी जागा बधिर करायची. गोळी मालकाच्या हातून येता कामा नये, एवढं तरी यातून निघतं.

अपराध्याचं काय, हाही प्रश्न विचारतात लोक. ज्याने केलं त्याला विसरायचा हक्क आहे का? अश्वत्थाम्याची भळभळती जखम आपल्या लोकांनी मुद्दाम जिवंत ठेवली आहे. नर्मदेकाठी तो अजून तेल मागत फिरतो म्हणतात. झोपलेली पोरं मारली त्याने, तेल देणारे देतात, पण जखम बरी झाल्याची गोष्ट कुणी रचली नाही. मला वाटतं त्यात लोकांनी बरोबर ओळखलं आहे. यापेक्षा जास्त मला त्यावर बोलायचं नाही.

मामीचं राहिलं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "त्या गोळीनं पोराचं तोंड बी जाईल का गं?" मी म्हटलं, नाही मामी, तोंड नाही जाणार, दचकणं कमी होईल. "मग धाड," ती म्हणाली. मी एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. हे उपचार नुसत्या गोळीचे नसतात, बैठका लागतात, आपल्याकडे ते रुळलेले नाहीत, वगैरे त्यांनी सांगितलं. आणि मग विचारलं, "त्यांना दमा आहे का?" आहे. भूकंपानंतरच्या वर्षीपासून आहे. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, श्वासनळ्या आवळतात.

मी फोन करून तिला सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. मग पत्र्याचंच बघावं लागल. यंदा लई गळालं बघ, उशापासनं."